किती वार भरलं?

माझ्या शिलाई मशीनच्या खणात एक शंभरपानी वही आहे. तिच्यात ब्लाउजची मापं आहेत, बुरख्याच्या कापडाचा हिशेब आहे, आणि मधल्या पानांवर माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अब्बांचं, ब्लडप्रेशर आहे. ही पानं मे २०१९ पासूनची. १७०/१००. १८०/१००. १७०/११०. १८०/११०. पहिली दोन पानं अशीच. शेवटी शून्य नाही असा एकही आकडा त्यांत सापडणार नाही. ती पानं मी फाडलेली नाहीत. भगिनींनो, आज त्या दोन पानांविषयीच लिहायचं आहे, कारण ते सगळे आकडे चुकीचे आहेत आणि ते माझ्या हातचे आहेत.

तेव्हा आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहत होतो. ज्यांनी या चाळी पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. १९२०च्या दशकात त्या वेळच्या सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं त्या बांधल्या. नायगावात अशा ४२ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्यावरच्या सगळ्यांचे मिळून. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. त्यात आम्ही सहा माणसं. ब्लडप्रेशर मोजण्याशी जिन्याचा आणि संडासाचाही संबंध असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अब्बा मूळचे सातारा जिल्ह्यातले, वाई तालुक्याचे. तरुणपणी गावच्या तालमीत जायचे, त्यामुळं दंड अजूनही भरलेले. मुंबईत गिरणीच्या फोल्डिंग खात्यात लागले. तयार कापड मोजायचं, घडी घालायची, गाठीसाठी पुढं द्यायचं, हे काम. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि लाखो कामगारांसारखे तेही बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. नंतर वीसेक वर्षं एका कापडाच्या दुकानात मोजायला होते. दुकानात मीटर आला तरी अब्बांच्या तोंडातून वार गेला नाही. घरात कशाचंही माप काढायचं असलं, तांदळाचं असो की नातवाच्या तापाचं, त्यांचा प्रश्न एकच: "किती वार भरलं?"

साठीनंतर त्यांना ब्लडप्रेशरची एक छोटी गोळी सुरू झाली होती. २०१९चे रोजे ७ मेपासून होते, भर उन्हाळ्यात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, या महिन्यात आठवड्यातून दोन-तीनदा घरी मोजत जा आणि लिहून आणा. परळला हॉस्पिटलांच्या आसपास असल्या सामानाची दुकानं आहेत. तिथून माझ्या मिस्टरांनी डायलवालं यंत्र आणि स्टेथोस्कोप आणला. दुकानातल्या मुलानं दोन मिनिटांत शिकवलं: पट्टा बांधा, पंप मारा, हवा सोडा, काटा उडायला लागला तो वरचा आकडा, उडायचा थांबला तो खालचा. झालं. मी दहावी पास, शिवणात हात बसलेला, मला वाटलं यात अवघड ते काय?

मी कशी मोजत होते ते आता सांगते. लाज वाटते, पण सांगते, कारण पुष्कळ घरांत आजही असंच मोजलं जातं. अब्बा असरची नमाज पढून येत. तीन मजले चढून आले की सतरंजीवर मांडी घालून बसत. मी लगेच यंत्र घेऊन समोर. पट्टा कुर्त्याच्या बाहीवरूनच गुंडाळायचा. हात मांडीवर सोडलेला. मशिदीत कोण भेटलं, कोणाच्या मुलाचं लग्न ठरलं, हे त्यांचं बोलणं चालूच. धाकटा नातू पाठीवर चढलेला. कानात स्टेथोस्कोप असायचा, पण मला त्यात पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नसे. म्हणून मी काट्याकडं बघायची. काटा थरथरला, की डायलवरची जवळची मोठी रेघ वाचायची आणि वहीत लिहायचं. एकशे ऐंशी.

दहा दिवसांनी वही डॉक्टरांना नेऊन दाखवली. तारीख, वेळ, आकडे, सगळं ओळीनं लिहिलेलं. त्यांनी त्या आकड्यांवर विश्वास ठेवला. गोळीचा डोस वाढवला आणि लघवीवाटे पाणी काढणारी आणखी एक गोळी दिली. रोजे सोडा, असंही त्यांनी बजावलं. आजाऱ्याला सवलत आहे हे अम्मींनीही सांगून पाहिलं. पण अब्बांचं म्हणणं, मला तर काहीच होत नाहीये. खरं होतं ते. त्यांना काहीच होत नव्हतं.

एकोणिसाव्या रोजाच्या सेहरीला, चारच्या आधी, ते गादीवरून उठले आणि संडासाकडं निघाले. पॅसेजमध्ये डबा घरंगळल्याचा आवाज आला. मी तव्यावर पोळी तशीच टाकून धावले. अब्बा भिंतीशी पडलेले, कपाळातून रक्त, डावा हात अंगाखाली. शेजारचे पोलिसभाऊ रात्रपाळीवरून नुकतेच आले होते, त्यांनी उचलून खाली नेलं. टॅक्सीनं परळ. कपाळाला पाच टाके, मनगटाला प्लास्टर.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर घेतलं, ९६/५८. गोळ्या कोणत्या, किती दिवसांपासून, विचारलं. मी पिशवीतून वही काढून दिली. त्यांनी दोन्ही पानं बघितली आणि म्हणाल्या, "हे सगळे आकडे शून्यावरच कसे थांबतात?" रागानं नाही, साधं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी समजावलं की एकाच गोष्टीनं माणूस असा पडत नाही. उन्हाळा, दिवसभर पाणी नाही, वाढवलेली गोळी, पाण्याची गोळी, झोपेतून एकदम उठणं, हे सगळं एकत्र आलं. एक गोळी बंद, दुसरी पूर्वीइतकी. मी मान हलवत होते, आणि मनात एकच: दोन्ही गोळ्या माझी वही बघून आल्या होत्या.

घरी आल्यावर यंत्र मी पोटमाळ्यावर, रजयांच्या मागं टाकलं. अम्मी मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ईद गेली. एका दुपारी अब्बा प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसले होते. मी म्हणाले, "अब्बा, तुमचं ब्लडप्रेशर एवढं नव्हतंच. मला मोजता येत नव्हतं, आणि मी मोजलं."

ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी फोल्डिंग खात्यातली गोष्ट सांगितली. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी कापड ताणून मोजायचा. ताणलं की वार जास्त भरतो. मोजणारा खूश. गाठ बांधून माल बाजारात गेला, व्यापाऱ्यानं मोकळं सोडून मोजलं, की कमी. "वार वाढतो, कापड वाढत नाही," अब्बा म्हणाले. "तुला कोणी शिकवलंच नाही. खालच्या सिस्टरकडं जा."

दुसऱ्या मजल्यावर एक सिस्टर राहायच्या. महापालिकेच्या हॉस्पिटलात तीसहून जास्त वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. चाळीत कोणाला ताप आला, मूल पडलं, की आधी त्यांचं दार. मी यंत्र घेऊन गेले. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "तू शिवतेस ना? टेप आण. सासऱ्यांच्या दंडाचं माप घे."

कोपर आणि खांदा यांच्या मध्यावर ३५ सेंटिमीटर भरलं. मग त्यांनी पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी मोजायला लावली. लांबी २३, रुंदी १२. म्हणाल्या, पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ऐंशी टक्के हवी आणि रुंदी चाळीस टक्के. मी तिथंच हिशेब केला. ३५ला २८ आणि १४ हवेत. म्हणजे इतके दिवस मी अब्बांना तोकडा पट्टा बांधत होते. तोकड्या पट्ट्याला रग दाबायला जास्त हवा लागते, आणि तो जास्तीचा दाब आपण माणसाच्या नावावर लिहितो. फार मोठा पट्टा असेल तर उलट, आकडा कमी येतो. दुसऱ्यांच्या बाह्यांचं माप अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत घेणारी मी, पण घरच्या माणसाच्या दंडाला टेप लावायचं मला सुचलं नव्हतं. मिस्टर दुसऱ्याच दिवशी परळहून मोठा पट्टा घेऊन आले.

सिस्टरांनी पहिले आठ दिवस मला यंत्राला हात लावू दिला नाही. फक्त नाडी शोध, म्हणाल्या. मनगटाची, मग कोपराच्या आतल्या बाजूची, दंडाचा स्नायू संपतो तिथं, करंगळीच्या बाजूला थोडी. आधी माझी स्वतःची, मग मुलीची, मिस्टरांची, अम्मींची. अम्मींची सापडायला तीन दिवस लागले. जुन्या हकिमांची आठवण यायची. हकीम बोटं ठेवून किती काय सांगत, असं अम्मींच्या तोंडून ऐकलेलं. इब्न सीनांच्या 'अल-कानून'मध्ये नाडीवर सविस्तर लिहिलेलं आहे आणि रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डाव्या बाजूला येतं हे तेराव्या शतकात इब्न नफीस यांनी लिहून ठेवलं. पण नाडीतला जोर आकड्यात सांगणं ही पुढची गोष्ट. इंग्लंडचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या रगेत काचेची नळी बसवून रक्त किती उंच चढतं ते पाहिलं, आठ फुटांच्याही वर गेलं, आणि ते त्यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलं. दंडाला पट्टा बांधायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांची, १८९६ची. त्यांनाही मनगटाची नाडी कधी बंद होते एवढंच कळायचं, म्हणजे फक्त वरचा आकडा. स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची रीत रशियातल्या कोरोटकोव्ह या तरुण सर्जननं १९०५ साली मांडली. वरचा-खालचा असं आपण जे सहज बोलतो, त्यातला खालचा आकडा पट्ट्यानं मोजता येऊ लागला तो त्या आवाजामुळं.

आणि मला तोच आवाज ऐकू येत नव्हता. नवव्या दिवशी कारण कळलं. स्टेथोस्कोपच्या कानातल्या नळ्यांची टोकं थोडी वाकडी असतात, ती पुढं, नाकाच्या दिशेनं यायला हवीत. मी उलट घालत होते. भोकं कानाच्या भिंतीला टेकत होती. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्या वर्षाच्या मुलीही असंच करतात."

काट्याचंही तसंच. काटा उडायला लागतो तो आकडा खरा नव्हे. पट्ट्याचा दाब वरच्या आकड्याहून जास्त असतानाही काटा हलू लागतो, आणि खालचा आकडा गेल्यावरही हलत राहतो. त्या बिचाऱ्या दुकानातल्या मुलाला हे कोणी सांगितलं नसावं. "काट्यावर फक्त नजर ठेवायची," सिस्टर म्हणाल्या, "आकडा कान सांगतो."

आवाज येतो कसा, तेही त्यांनी पाण्याच्या पाइपवर दाखवलं. पट्टा रगेला पूर्ण दाबतो, रक्त थांबतं, आवाज नाही. हवा सोडत गेलं की एका क्षणी रक्त ठोक्यासरशी फट करून पुढं निसटतं. तो पहिला टक्-टक्, तो वरचा आकडा. दाब आणखी उतरला, रग पूर्ण मोकळी झाली, रक्त निवांत वाहू लागलं, की आवाज बंद. तो खालचा.

पंप किती मारायचा यालाही रीत आहे. मी आपली थेट २२० वर न्यायची, आणि अब्बा दात आवळायचे. सिस्टरांनी सांगितलं, आधी स्टेथोस्कोप लावूच नको. मनगटाची नाडी धर आणि हवा भरत जा. समजा १४० ला नाडी बंद झाली. हवा सोडून टाक, मिनिटभर थांब. आता स्टेथोस्कोप लाव आणि त्याच्यावर तीस, म्हणजे १७० पर्यंतच भर. मग उतरव, सेकंदाला दोन-तीननं, म्हणजे जेमतेम एक रेघ, जास्त नाही. काही जणांत, विशेषतः म्हाताऱ्यांत, आवाज मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा येतो. नाडी न बघता कमी हवा भरली तर तो खालचा आवाज पहिला समजून आपण फसतो. जेमतेम एक रेघ दर सेकंदाला, हे तेव्हा मला फार अवघड गेलं. पंपाचा स्क्रू बोटाच्या पेरानं केसभर फिरवायचा. शेवटी मी ते मशीनच्या टाक्याच्या स्क्रूसारखं मानलं, तेव्हा हात बसला.

परीक्षा अशी असायची: एका माणसाचं आधी मी मोजायचं, मग थोडं थांबून सिस्टरांनी. दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, मग चिठ्ठ्या उघडायच्या. सुरुवातीला वीस-वीसचा फरक. मी पुन्हा शून्यावर आकडे लिहू लागले की त्या चिठ्ठी परत करायच्या. "डायलवर दोन-दोनच्या रेघा कशाला दिल्यात?" १४०च्या जवळ असलेला माणूस आपण १४० लिहिला की एका बाजूला पडतो, १३६ लिहिला की दुसऱ्या. त्यावर गोळी ठरते. महिन्याभरानं आमच्या चिठ्ठ्या चारच्या फरकात आल्या. त्या दिवशी सिस्टरांनी मला चहा पाजला, तोही मोजून झाल्यावर, कारण मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिने, काही नाही.

मग अब्बांची पाळी आली. प्लास्टर निघालं होतं. आमच्याकडं टेबल नव्हतं, म्हणून माझ्या शिलाई मशीनचा पाट टेबल झाला. अब्बा खुर्चीवर, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात पाटावर, खाली उशी, म्हणजे पट्टा छातीच्या मधोमध, हृदयाच्या उंचीला. हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सात-आठनं वाढतो. मी तर मांडीवर सोडलेला हात मोजत होते. बाही काढलेली. पाच मिनिटं गप्प बसणं. यालाच सर्वांत जास्त वेळ लागला, कारण अब्बांना पाच मिनिटं गप्प बसवणं सोपं नाही.

तरी एक दिवस आकडा १५८ आला, दुसऱ्या खेपेला १६०. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "बाबा, लघवीला जाऊन या." अब्बा संकोचले, मग गेले. आल्यावर पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा मोजलं: १४४. तेव्हा उलगडलं की अब्बा दिवसभर लघवी धरून ठेवायचे. रांग नको, ओली फरशी नको, आणि पडल्यापासून तर भीती. आम्ही एका खोलीत राहून कोणाला कळलं नव्हतं. मिस्टरांनी संडासाच्या दारापर्यंत भिंतीला धरायला दोरी बांधली, आणि रात्रीसाठी एक भांडं आणलं. अब्बांनी आठ दिवस भांड्याला हात लावला नाही, नवव्या दिवसापासून लावला.

मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट सिस्टरांनी शेवटी शिकवली. बसून मोजायचं, मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटानं मोजायचं. वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगायचं. अब्बांचं बसून १३८/८०, उभं राहिल्यावर ११४/७२. सज्द्यातून उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते हे त्यांनी तेव्हा कबूल केलं. पूर्वी विचारलं असतं तर "काही नाही" म्हणाले असते. हा आकडा घेऊन मी त्याच आमच्या डॉक्टरांकडं गेले आणि आधीच्या वहीचंही सगळं सांगितलं. त्यांनी गोळीची वेळ आणि डोस दोन्ही बदलले. रात्री उठायचं तर आधी कुशीवर, मग काठावर बसून शंभर मोजायचे, मग उभं राहायचं, हेही सांगितलं. पुढच्या रमजानच्या आधी महिनाभर जाऊन रोजांचं विचारायचं असंही ठरलं, आणि त्या वर्षी अब्बांनी सवलत घेतली. मुकाट्यानं नाही, पण घेतली.

हळूहळू मजल्यावरच्या बायका माझ्याकडं येऊ लागल्या. मुंबईत महापालिकेनं जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं २०२१ साली जी पाहणी केली, तिच्यात १८ ते ६९ वयाच्या लोकांत सुमारे ३४ टक्क्यांना ब्लडप्रेशर निघालं, म्हणजे तिघांत एकाला. आमच्या मजल्यावर मला त्याचं नवल वाटलं नाही. बायकांच्या मोजण्यात अडचण बाहीची. घट्ट बाही वर सरकवली की तीच दंडाला आवळते, आणि वरून पट्टा, म्हणजे दुहेरी फास. खोलीत पुरुष असतील तर बाई हात मोकळा करणार नाही, ते बरोबरच आहे. म्हणून मी पडदा लावला आणि एक सैल, खांद्यापर्यंत उघडणारी बाही असलेला झगा शिवून खुंटीला अडकवला. आली की तो घालायचा. एका खालाजाननं विचारलं, "पंप मारल्यानं रोजा तुटतो का?" मी म्हटलं, हवा पट्ट्यात जाते, तुमच्यात नाही. त्या हसल्या आणि हात पुढं केला.

सिस्टरांची सक्त ताकीद होती: आकडा सांगायचा, औषध नाही. "चांगलं आहे", "वाईट आहे" हेही नाही. दोनदा मोजायचं, मध्ये मिनिटभर सोडून, आणि दोन्ही लिहून द्यायचे. पहिल्यांदा आलेल्याचे दोन्ही हात मोजायचे, ज्यात जास्त तो पुढं धरायचा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्यापुढं राहिली तर डॉक्टरांना दाखवायचं; दवाखान्यात हीच हद्द १४०/९०ची असते, कारण तिथं पुष्कळांची धडधड वाढते. एक नवी सून सातव्या महिन्यात होती, डोकं दुखतं म्हणून आली. तीनदा मोजलं, तिन्हीदा वरचा १५०च्या वर, खालचा १००च्या वर. पाय सुजलेले. मी काही न बोलता सिस्टरांना हाक मारली आणि तासाभरात आम्ही तिला हॉस्पिटलात पोहोचवलं. आई आणि मूल दोघं सुखरूप आहेत, अल्लाहचा शुक्र. त्या दिवशी माझा हात थरथरत होता, पण आकडा ताणला नव्हता.

आता डिजिटल यंत्रं आली. पाऱ्याची उंच यंत्रं तर जाणारच. २०१३च्या मिनामाटा करारात पारा कमी करायचं ठरलं आणि भारतही २०१८ मध्ये त्यात सामील झाला. सिस्टरांचं पाऱ्यावर फार प्रेम, "तो खोटं बोलत नाही" म्हणायच्या. पण त्यांनीच सांगितलं, घरच्यांसाठी दंडाचं डिजिटल घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचाच घ्या. घेतल्यावर एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहा. नाडी अनियमित असेल तर डिजिटलही चुकतं. आणि यंत्र कोणतंही असो, पाच मिनिटांची बैठक चुकवता येत नाही. अब्बांच्या गावाकडं गेलो होतो तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरनंही त्यांना आधी बाकावर बसवूनच ठेवलं. सातारा हा देशातल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी आहे जिथं सरकारनं २०१७ पासून ब्लडप्रेशरच्या नोंदीचा मोठा कार्यक्रम घेतला. अब्बांनी तिथंही तिला फोल्डिंग खात्याची गोष्ट ऐकवायला सुरुवात केली. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

पुढं आमची चाळ पुनर्विकासात रिकामी झाली. सिस्टर लेकीकडं राहायला गेल्या, आम्ही दुसरीकडं भाड्यानं आहोत. शिलाई मशीन बरोबर आलं, वहीही आली. अब्बा आता ऐंशीचे आहेत आणि त्यांचं मोजायचं काम माझ्या थोरल्या मुलीकडं गेलं आहे.

काल असरच्या आधी तिनं मशीनच्या पाटावर उशी ठेवली. अब्बा बसले, पाय सरळ केले आणि शेजारच्या नव्या बिऱ्हाडाबद्दल सांगायला लागले.

"दादा, बोलू नका."

"बरं."

पाच मिनिटं घड्याळाची टिकटिक. पट्टा फुगला, सुटला. मग मिनिटभर थांबून पुन्हा. तिनं वही ओढली. मी कापड कापता कापता मान वर केली नाही.

"किती वार भरलं?" अब्बांनी विचारलं.

"पहिल्यांदा एकशे अडतीस, मग एकशे चौतीस. खालचा शहात्तर."

"दोन्ही लिही," ते म्हणाले. मग खुर्चीच्या काठावर सरकून बसले, ओठांत शंभर मोजले आणि वुजूला उठले.